झटक्यानंतर विडी-सिगारेट पुन्हा पेटू नये म्हणून: घरच्यांसाठी आणि नव्या समुपदेशकांसाठी

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला माणूस रुग्णालयातून घरी येतो तेव्हा त्याची सिगारेट बहुतेक वेळा सुटलेलीच असते. आयसीयू आणि वॉर्ड मिळून चार-पाच दिवस त्याने एक झुरका घेतलेला नसतो. निकोटिनची ओढ सर्वांत जोरात असते ती पहिल्या दोन-तीन दिवसांत, आणि ते दिवस सलाइन, मॉनिटर आणि भीती यांतच निघून गेलेले असतात. घरच्यांच्या वाट्याला येतं ते पुढचं काम: ती पुन्हा पेटू न देणं. हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळ घरांत उलटंच होतं. ‘बाबा, आता एक तारखेपासून सोडाच’ असं प्रेमाने सांगितलं जातं, आणि मधल्या दिवसांची परवानगी न मागता मिळून जाते. डिस्चार्जचा दिवस हाच सोडल्याचा दिवस धरा. रुग्ण भरती झालेलाच नसेल, अंजायनावर (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावर) गोळ्या चालू असतील, तर मात्र तारीख ठरवावी लागते. ती एक-दोन आठवड्यांच्या आतली हवी. ‘दिवाळीनंतर’, ‘मुलीचं लग्न झालं की’ या तारखा नव्हेत.

आधी तुम्हाला काय माहीत हवं

सिगारेटचा विषय निघाला की लोक फुफ्फुसाचा आणि कॅन्सरचा विचार करतात. हृदयरुग्णाला समजायला हवी ती गोष्ट वेगळी आहे. धुरामुळे रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकमेकींना चिकटू लागतात आणि गुठळी व्हायला सोपं जातं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर बिघडतं, ती आकसते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनवर ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, आणि त्याच वेळी निकोटिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. थोडक्यात, हृदयाला काम जास्त आणि ऑक्सिजन कमी. यातल्या बऱ्याच गोष्टी लवकर उलट फिरतात. साधारण दिवसभरात कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निघून जातो, आणि प्लेटलेटचा चिकटपणाही काही दिवस-आठवड्यांत उतरू लागतो.

‘स्टेंट टाकलाय, आता रस्ता मोकळा झाला’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, एका जागेचा अडथळा काढतो. बाकीच्या रक्तवाहिन्या तशाच असतात आणि धूर चालू राहिला तर खुद्द स्टेंटमध्येही गुठळी होऊ शकते. बायपासमध्ये जोडलेल्या शिराही ओढणाऱ्यांमध्ये लवकर बंद पडतात.

दुसरं वाक्य: ‘चाळीस वर्षं ओढली, आता सोडून काय होणार?’ यावर अभ्यासांचं उत्तर स्पष्ट आहे. झटक्यानंतर जे सोडतात त्यांच्या मृत्यूचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो. अॅस्पिरिन किंवा स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) एकेकटं जेवढं देतं त्यापेक्षा हा फायदा कमी नाही, आणि वयाची अट नाही.

तिसरं, सर्वांत फसवं: ‘दिवसाला एकच ओढतो आता.’ २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्यात हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरला. विसावा भाग नव्हे, निम्मा. कॅन्सरच्या बाबतीत कमी करण्याला थोडा अर्थ आहे, पण हृदयाच्या बाबतीत फारसा नाही.

विडीला कमी समजू नका. तंबाखू थोडी असते, पण तेंदूचं पान हवा आत येऊ देत नाही आणि विडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला माणूस जोरात आणि वारंवार ओढतो. महाराष्ट्रात तर धुरापेक्षा तोंडातल्या तंबाखूचीच सवय कितीतरी जास्त आहे, म्हणून विडी सोडून माणूस चुन्याची तंबाखू मळायला लागतो, बाई मशेरीचा डबा काढते, आणि घरचे ‘निदान धूर तरी गेला’ म्हणून समाधान मानतात. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे तिप्पट आढळला, तर नुसती तंबाखू चघळणाऱ्यांना दुपटीहून अधिक. रुग्णाला सुरुवातीलाच सांगा: यात मळलेली, लावलेली आणि ओढलेली, सगळी तंबाखू आली.

पहिली पायरी: वॉर्डात असतानाच चार प्रश्न

नव्या समुपदेशकाची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच भेटीत व्याख्यान. रुग्ण मान हलवतो, नातेवाईक ‘ऐका, ऐका’ म्हणतात, आणि कागदावर टिक होते. त्याऐवजी खुर्ची ओढून बसा, नातेवाइकांना पाच मिनिटं चहाला पाठवा आणि विचारा:

– सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात लागते?
– दिवसाला किती? पाकीट घेता की सुटी?
– याआधी कधी सोडली होती? किती टिकली आणि पुन्हा कशाने सुरू झाली?
– घरात आणि कामावर अजून कोण ओढतं?

यातला पहिला प्रश्न सोन्यासारखा. अर्ध्या तासाच्या आत लागत असेल तर व्यसन पक्कं आहे, नुसत्या निश्चयावर हा माणूस सोडून देऊ नका. त्याला औषधाची मदत लागेल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून ठेवा. मागच्या वेळी जी गोष्ट नडली तीच बहुधा पुन्हा नडणार असते. ‘तेरा दिवस बंद होती, मग मेहुण्याच्या साखरपुड्यात...’ म्हणजे दारू आणि पाहुणे. तयारी तिथे करायची.

सल्ला एका वाक्यात द्या आणि रुग्णाच्या आजाराशी जोडून द्या: ‘काका, तुमच्या डाव्या बाजूच्या नळीत जी गुठळी झाली ती पुन्हा होऊ नये म्हणून सर्वांत मोठी गोष्ट तुमच्या हातात आहे, ती म्हणजे ही सिगारेट.’ घाबरवू नका. घाबरलेला माणूस हो म्हणतो, आणि भीती ओसरली की टपरीवर जातो. भीती साधारण दुसऱ्या आठवड्यात ओसरते, जेव्हा जिना चढून दम लागत नाही.

दुसरी पायरी: तो घरी येण्याआधी घर आवरा

हे काम घरातल्या एकाने डिस्चार्जच्या आदल्या दिवशी करावं, पण रुग्णाला सांगून. गुपचूप केलं तर तो चोर आणि तुम्ही पोलीस होता, आणि हा खेळ तुम्ही हरणार.

शर्टांचे खिसे, बॅगेचा चोरकप्पा, स्कूटरची डिकी, गाडीतला ॲशट्रे, माळा, बाथरूमची खिडकी, ऑफिसचा खण. लायटर सगळे द्या टाकून. देवघरातली काडेपेटी राहणारच, ती घरातल्या दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असू द्या. उशीचे अभ्रे, शाल, स्वेटर धुवायला टाका, वासाने तलफ येते.

मग टपरी. आपल्याकडे बहुतेकांचं पानपट्टीवर खातं असतं. ते खातं मिटवणं ही फार परिणामकारक गोष्ट आहे आणि ती सहसा कुणाला सुचत नाही. रुग्णानेच, किंवा त्याच्या सांगण्यावरून मुलाने जाऊन हिशेब चुकता करावा आणि मोकळेपणी सांगावं: ‘काकांना झटका आला होता. मागितली तरी देऊ नका.’ बहुतेक टपरीवाले ऐकतात. सुट्या विडी-सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण सुटी कुठे मिळते ते सगळ्यांना माहीत असतं. पुन्हा घसरण्याची सुरुवात पाकिटाने होत नाही, सुट्या एकीने होते.

घरात मुलगा किंवा भाऊ ओढत असेल तर त्याने निदान घरात, गच्चीत आणि गाडीत ओढायची नाही. दुसऱ्याच्या धुरानेही रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो. दोघांनी एकत्र सोडलं तर उत्तमच.

तिसरी पायरी: औषधाचं नीट ठरवणं

इथे थोडं थांबू, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. निकोटिन हृदयाला वाईट, मग निकोटिनचं गम कसं चालेल? सिगारेटमधून निकोटिन काही सेकंदांत उसळून मेंदूत पोहोचतं, सोबत कार्बन मोनॉक्साइड आणि हजारो इतर रसायनं. गममधून ते हळूहळू आणि कमी येतं, धूर अजिबात नसतो. स्थिर हृदयविकारात निकोटिनचं गम किंवा त्वचेवर चिकटवायची पट्टी सिगारेटपेक्षा कितीतरी सुरक्षित ठरली आहे. झटक्यानंतरचे पहिले दोन आठवडे, वाढत चाललेलं छातीचं दुखणं किंवा ठोक्यांची गंभीर अनियमितता असेल तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही. २ मिलीग्रॅमचं गम दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. हृदयरुग्णाने तरीही विचारूनच घ्यावं.

गम. गम ‘लागू पडलं नाही’ असं सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते नेहमीच्या च्युइंगमसारखं चघळलेलं असतं. तसं केलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, तिथे त्याचा उपयोग होत नाही, वर उचकी आणि जळजळ. ती जळजळ छातीत जाणवते आणि रुग्ण घाबरून गम फेकून देतो. पद्धत अशी: हळूहळू चावा, जिभेला तिखट झिणझिण लागली की थांबा. गम गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. झिणझिण गेली की पुन्हा दोन-चारदा चावा, जागा बदलून ठेवा. एक गम अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी, कोल्ड्रिंक नाही, कारण आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. पाणी चालेल.

किती? पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, त्यापुढचे तीन आठवडे चार-आठ तासांनी, मग बंद. कमी घेणं ही नेहमीची चूक. दिवसाला दोन गम खाऊन ‘तलफ जात नाही’ म्हणणाऱ्याला पुरेसा डोसच मिळालेला नसतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागणाऱ्यांना डॉक्टर ४ मिलीग्रॅमचं देऊ शकतात. कवळी असेल तर गम चिकटतं, त्यांनी चघळायच्या गोळ्या किंवा पट्टी विचारावी.

पट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना साधारण २१ मिलीग्रॅमपासून सुरुवात, सहा आठवडे. मग १४ आणि ७, दोन-दोन आठवडे. दंडावर किंवा पाठीवर, केस नसलेल्या, कोरड्या जागी, तेल-पावडर न लावता, दहा सेकंद तळव्याने दाबून. रोज जागा बदलायची. उन्हाळ्यात घामाने सुटते, म्हणून आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं होऊ द्या. रात्री विचित्र स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून टाका. एमआरआयच्या आधी पट्टी काढायची, काही पट्ट्यांत धातूचा थर असतो.

व्हॅरेनिक्लिन. चिठ्ठीवरची गोळी, आणि एकट्या औषधात सर्वांत परिणामकारक ठरलेल्यांपैकी. पहिले तीन दिवस अर्धा मिलीग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी अर्धा मिलीग्रॅम दोनदा, पुढे एक मिलीग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर डोस कमी करतात. मळमळ हा नेहमीचा त्रास. रिकाम्या पोटी घेतल्यानेच तो वाढतो. पोटभर खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्या.

ब्युप्रोपिऑन. तलफ कमी करणारी दुसरी गोळी. फिट येणाऱ्यांना चालत नाही. शिवाय हृदयरुग्णाच्या पुडीत असणाऱ्या दोन गोळ्यांशी त्याचं जमत नाही: ठोके आणि रक्तदाब कमी करणाऱ्या मेटोप्रोलॉलची रक्तातली पातळी ते वाढवतं, त्यामुळे ठोके फार मंद होऊ शकतात. आणि गुठळी होऊ न देणाऱ्या क्लोपिडोग्रेलमुळे ब्युप्रोपिऑनचं शरीरातलं रूपांतर बदलतं. जनरल प्रॅक्टिशनरकडे गेलात तर चालू असलेल्या गोळ्यांची पूर्ण यादी समोर ठेवा, नुसतं ‘बीपीची आणि रक्त पातळ करण्याची’ म्हणू नका.

ई-सिगारेट हा पर्याय नाही. भारतात २०१९ पासून ती विकायला बंदी आहे. ‘हर्बल’ विडीच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतोच. आणि तोंडाला चाळा म्हणून सुपारी देऊ नका, नुसती सुपारीही कॅन्सरकारक आहे. बडीशेप, लवंग, आवळ्याची फोड, हे चालेल.

चौथी पायरी: वेळापत्रकातली भोकं बुजवा

तलफ साधारण तीन ते पाच मिनिटं टिकते, तुम्ही काही केलं नाही तरी ओसरते. म्हणून प्रत्येक वेळेसाठी पाच मिनिटांचं काम आधीच ठरलेलं असावं. चार वेळा हमखास येतात.

*सकाळची, शौचाच्या आधीची.* हिच्याबद्दल कुणी मोकळेपणी बोलत नाही, पण पुष्कळांची सर्वांत घट्ट विडी हीच. सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठ होतं, हे खरं आहे, आणि ‘विडीशिवाय होतच नाही’ म्हणून माणूस पुन्हा पेटवतो. झटक्यानंतर कुंथणंही बरं नाही. रात्री इसबगोल, जेवणात पालेभाजी-फळं, उठल्यावर दोन पेले कोमट पाणी. हृदय कमजोर असल्यामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्या हिशेबातच. दोन आठवडे चिकाटी ठेवली की आतडी जुळवून घेतात.

*चहाबरोबरची.* यात एक बारकावा आहे. धुरातल्या रसायनांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच चहाचं कॅफीन जास्त वेळ रक्तात राहतं, धडधड होते, झोप येत नाही, चिडचिड वाढते. रुग्ण म्हणतो, ‘सोडल्यापासूनच त्रास सुरू झालाय.’ चहा निम्म्यावर आणा. जागाही बदला, बाल्कनीऐवजी स्वयंपाकघरात, उभ्याऐवजी बसून.

*जेवणानंतरची.* ताटावरून उठून थेट दात घासा. घासलेल्या तोंडाला धुराची चव नको वाटते. मग डॉक्टरांनी परवानगी दिल्याप्रमाणे सावकाश शतपावली.

*चौकडीतली.* पहिले दोन-तीन महिने कट्टा, दारू आणि पत्त्यांची रात्र टाळलेली बरी. वाक्य तयार ठेवा: ‘डॉक्टरांनी बंद केलंय, अँजिओप्लास्टी झालीय.’ आपल्याकडे या वाक्याला मान आहे. ‘सोडायचा प्रयत्न करतोय’ म्हटलं की लगेच कुणीतरी पाकीट पुढे करतं.

बदल कुठला साधा, कुठला धोक्याचा

चिडचिड, झोप न लागणं, सारखी भूक, मन न लागणं, खोकला, हे सगळं सोडल्याचं लक्षण आहे आणि दोन ते चार आठवड्यांत उतरतं. बायपास झालेल्यांनी खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी. वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढू शकतं, पण त्यासाठी सिगारेट परत सुरू करणं हा सौदा तोट्याचा. फरसाण-बिस्किटांचे डबे मात्र हाताशी ठेवू नका.

छातीत दाब किंवा आवळल्यासारखं दुखणं, ते जबड्यात, डाव्या हातात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, श्वास लागणं हे तलफेचं लक्षण कधीच नसतं. बसवा, डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी सांगितली असेल तर ती द्या, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन करा. ‘गमची जळजळ असेल’ म्हणून वाट पाहू नका.

वॉरफरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर सिगारेट सुटल्यावर त्याचा परिणाम वाढू शकतो. डॉक्टरांना कळवून आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी लवकर करून घ्या.

घसरला तर

घसरणं बहुधा पहिल्या महिन्यात होतं, म्हणूनच रुग्णालयातल्या नुसत्या समुपदेशनाने फारसं साधत नाही. डिस्चार्जनंतर निदान महिनाभर पाठपुरावा झाला तरच फरक पडतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. समुपदेशकाने फोनचे दिवस आधीच ठरवून घ्यावेत: तिसरा, सातवा, चौदावा, तिसावा, मग दर महिन्याला. फोनवर ‘ओढली का?’ असं विचारलं की ‘नाही’ हेच उत्तर येतं. ‘या आठवड्यात सर्वांत अवघड वेळ कुठली गेली?’ असं विचारा.

एक ओढली तर पट्टी किंवा गोळी बंद करू नका. त्याच दिवशी उरलेली पाकिटासकट टाकायची, कुठे, कुणाबरोबर, कशाने, एवढं लिहायचं आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचं. घरच्यांनी त्या दिवशी बोलणं कमी ठेवावं. ‘एवढे लाख घालवले तुमच्यावर’ या वाक्याने आजवर कुणाची सिगारेट सुटलेली नाही, फक्त ती लपून ओढली जाते, आणि लपून ओढणाऱ्याची खरी माहिती डॉक्टरांनाही मिळत नाही.

घरी जमत नसेल तर राष्ट्रीय क्विटलाइनचा (तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा) १८००-११-२३५६ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०१८ च्या सप्टेंबरपासून तो प्रत्येक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो. मुंबईतल्या टाटा स्मारक रुग्णालयातही या सेवेचं केंद्र आहे आणि मराठीतून बोलता येतं. पहिला फोन रुग्णाने स्वतः करावा, तुम्ही फक्त नंबर लावून द्या आणि खोलीबाहेर जा.

ओपीडीच्या पुढच्या भेटीला जाताना फाइलमध्ये तीन गोष्टी असू द्या: सगळ्या चालू गोळ्यांची यादी, दिवसाला किती गम किंवा कितीची पट्टी चालू आहे ते, आणि अवघड गेलेल्या वेळांचा तो कागद. डॉक्टरांकडे वेळ कमी असतो. ‘सिगारेट बंद आहे ना?’ ‘हो’ एवढ्यावर भेट संपू नये, म्हणून कागद तुम्हीच पुढे सरकवा.